मांगशानवर भेटलेली कावड

चीनमधल्या लोयांग शहरात पोचले तेव्हा नागपंचमी होऊन दोन दिवस झाले होते. चिनी पंचांगाचा सातवा महिना बहुतेक वर्षी आपल्या श्रावणाशी जुळतो. त्या महिन्याच्या सप्तमीला तिकडे आकाशातल्या विणकरणीची आणि गुराख्याची वर्षातली एकुलती एक भेट होते. मी मुद्दाम तोच दिवस धरला होता.

शहराच्या उत्तरेला मांगशानच्या टेकड्या आहेत. पिवळी भुसभुशीत माती आणि जागोजागी थडग्यांचे उंचवटे. उत्तर वेई घराण्याच्या शियाओवेन सम्राटाने पाचव्या शतकाच्या शेवटी राजधानी इथे आणली, ४९६ साली तुओबा हे घराण्याचं नाव टाकून युआन हे चिनी आडनाव घेतलं. सोबत आलेल्यांनी मेल्यावरही उत्तरेला परत जायचं नाही, इथेच पुरलं जायचं, असा त्याचा हुकूम होता.

त्यांच्यापैकीच एक युआन यी. ५२६ सालच्या त्याच्या थडग्याच्या घुमटावर आकाश रंगवलेलं आहे. त्याची नक्कल मी मान अवघडेपर्यंत बघत राहिले. तीनशेहून जास्त तारे, बारीक गोल ठिपक्यांचे, काही रेघांनी जोडलेले, आणि मधून लाटांसकट वाहणारी आकाशगंगा. सप्तर्षी दिसले तेव्हा माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

हा युआन यी राजमाता हूच्या धाकट्या बहिणीचा नवरा. ५२० साली त्याने मेहुणीलाच कोंडून राज्य हातात घेतलं. पाच वर्षांनी ती परत सत्तेवर आली आणि त्याला मरण पत्करावं लागलं. तरी बहिणीकडे बघून तिने त्याला मरणोत्तर मान दिला. पुढे ५२८ साली अर्झू रोंग या सेनापतीने तिला आणि तिने गादीवर बसवलेल्या तान्ह्या सम्राटाला पीत नदीत बुडवलं. ती नदी या टेकड्यांच्या पलीकडेच वाहते. मला त्या घुमटावरच्या लाटांकडे पुन्हा बघवेना.

बाहेर झाडाखाली एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. फोनवरच्या भाषांतराच्या आधाराने बोलणं सुरू झालं. विणकरीण म्हणजे आपला अभिजित, गुराखी म्हणजे श्रवण, मधली आकाशगंगा त्यांची चांदीची नदी. श्रवणाच्या दोन्ही बाजूंना दोन मंद तारे आहेत ना, ती त्याची मुलं, असं सांगून आजींनी खांद्यावर आडवा हात धरला आणि दोन्हीकडे टोपल्या लोंबत असल्यासारखं दाखवलं. कावड! बायकोला भेटायला निघालेला बाप मुलांना कावडीत घालून नेतोय.

माझ्या अंगावर काटा आला. त्याच तीन ताऱ्यांत माझ्या आजीने मला श्रावणबाळ दाखवला होता. मी टाइप केलं: आमच्याकडे मुलगा आईवडिलांना कावडीतून नेतो, ते दोघंही आंधळे आहेत.

आजींनी ते दोनदा वाचलं. मग नातवाला जवळ ओढून विचारलं, "कुठे नेत होता त्यांना?"

मी लिहिलं, "काशीला. यात्रेला."