शून्याचा लॉग आणि माझे दोन महिने

एकाच कंपनीने दोन कामं एकत्र केली तर खर्च वाचतो का, एवढंच मला प्रबंधासाठी मोजायचं होतं. विषय वाहतूक कंपन्यांचा. काही फक्त प्रवासी नेतात, काही फक्त माल, बऱ्याचशा दोन्ही.

सूत्र पाहून वाटलं, आठवड्याचं काम. दोन्ही कामं वेगवेगळ्या कंपन्यांनी केली तर येणाऱ्या खर्चांची बेरीज करा, त्यातून एकत्र करण्याचा खर्च वजा करा आणि एकत्रित खर्चानेच भागा. वेगवेगळे ६० आणि ७०, एकत्र १००, तर उत्तर ०.३०. म्हणजे कामं वेगळी काढली की ३० टक्के जादा खर्च. पान्झार आणि विलिग यांच्या १९८१ च्या लेखातली 'इकॉनॉमीज ऑफ स्कोप' ती हीच. आकडेवारी मिळाली, साफही झाली.

मग अडकलो. सगळे वापरतात म्हणून मी ट्रान्सलॉग फलन घेतलं, म्हणजे उत्पादनावरून खर्च काढणारं एक सूत्र. त्यात उत्पादनाचा लॉग (लॉगॅरिदम) लागतो. फक्त माल नेणाऱ्या कंपनीचे प्रवासी शून्य, आणि शून्याचा लॉग निघतच नाही. सॉफ्टवेअरने नेमक्या त्याच कंपन्या गुपचूप गाळल्या. तुलना ज्यांच्याशी करायची तेच गायब, आणि हे माझ्या लक्षात यायला तीन आठवडे गेले! (निरीक्षणांची संख्या आधी मोजा. हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं.)

मार्गदर्शक म्हणाले, "शून्याच्या जागी ०.००१ टाक, सगळे टाकतात." टाकलं, भरघोस बचत दिसली. सहज ०.०००१ टाकून पाहिलं, तर बचतीचा तोटा झाला. चूक शोधत महिना घालवला; चूक नव्हतीच. ०.००१ चा लॉग उणे ६.९, ०.०००१ चा उणे ९.२. ट्रान्सलॉगमध्ये त्यांचे वर्ग येतात, सुमारे ४८ आणि ८५. त्या वर्गपदाचा गुणांक धन असेल तर शून्याजवळ खर्च आभाळाला भिडतो, ऋण असेल तर मातीमोल होतो. थोडक्यात, मी माझाच आकडा मोजत होतो. सर म्हणाले, "असं होतं कधीकधी." मला राग आला तो यावर.

सुटका साध्या द्विघाती फलनाने केली, म्हणजे ज्यात उत्पादनं, त्यांचे वर्ग आणि गुणाकार थेट येतात. त्यात लॉग नाही, शून्य बिनतक्रार बसतं. पुली आणि ब्राउनस्टीन यांचं १९९२ चं संमिश्र फलनही याच दुखण्यावर आहे, पण ते चालवायला जास्त खटपट लागते. शुद्ध एककामी कंपन्या मोजक्याच असतील, तर दुसरं काम पूर्ण शून्य न धरता थोडं, समजा दहा टक्के, शिल्लक ठेवूनही मोजून पाहा. नाहीतर आकडेवारी जिथे नाहीच तिथलं उत्तर छापून बसाल.

आणि हो, द्विघाती फलनातलं स्थिर पद, म्हणजे उत्पादन कितीही असलं तरी तेवढाच राहणारा खर्च, बघायला विसरू नका. वेगवेगळ्या खर्चांच्या बेरजेत ते दोनदा येतं, एकत्रित खर्चात एकदाच. दोन कामांच्या गुणाकाराच्या पदाचा गुणांक ऋण असेल, तरच एका कामामुळे दुसऱ्याचा सीमांत खर्च, म्हणजे ते थोडं वाढवायला लागणारा जादा खर्च, उतरतो. माझा गुणांक जवळपास शून्य होता. मी मिरवत होतो ती सगळी बचत त्या एका स्थिर खर्चाची निघाली, आणि हे मला कळलं तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री.