नाल्याला वास नव्हता

आज मामाच्या गावी गेलो होतो, वर्ध्याजवळ. पोळ्याला जिथे बैल धुवायचो तो नाला मधली कितीतरी वर्षं काळा, फेसाळ झाला होता. नाक दाबूनच पूल ओलांडायचो. आज पाणी निवळ!

गावाच्या खालच्या अंगाला सांडपाण्याचा छोटासा प्रकल्प झालाय. मशीन-बिशीन काही नाही. आधी जाळीत प्लास्टिक अडकतं, मग टाक्यात गाळ बसतो, पुढे गिट्टी-रेतीच्या वाफ्यात कर्दळ. मला वाटलं शोभेला लावली. तिथले काका हसले, "अजी भाऊ, काम तं मुळापाशी चालते. गिट्टीवरचे जंतू घाण खातेत."

हीच घाण सरळ नाल्यात गेली की जंतू तिथे ती खातात, पण खाता खाता पाण्यातला ऑक्सिजन संपवतात अन् मासोळ्या मरतात. म्हणून तर नदीनाल्यात सोडायच्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण खायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला 30 मिलिग्रॅमच्या आत लागतो.

गाळ मात्र वेळेवर उपसावा लागतो. अन् जाळी काका रोज हातानेच साफ करतात. हातमोजे मागून थकले बिचारे.

येताना पुलाखाली दोन बगळे दिसले. मामी म्हणाली, "तुले आज दिसले का? उन्हाळ्यापासून आहेत ते."