एकही कड दोनदा नको: ग्रॅहम-पोलॅक प्रमेय समजून घेताना

ग्राफ म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, म्हणजे कडा. पूर्ण ग्राफमध्ये प्रत्येक बिंदू बाकी सगळ्यांशी जोडलेला असतो. या ग्राफच्या कडा तुकड्यांत वाटायच्या. प्रत्येक तुकड्यात बिंदूंचे दोन गट घ्यायचे आणि त्या दोन गटांमधल्या सगळ्या कडा उचलायच्या. एक कड एकाच तुकड्यात आली पाहिजे. असे कमीत कमी किती तुकडे लागतात? अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेतल्या रोनाल्ड ग्रॅहम आणि हेन्री पोलॅक यांनी १९७१ मध्ये उत्तर दिलं: बिंदूंपेक्षा एक कमी.

माझा यावर विश्वास बसेना, म्हणून वहीत मांडून पाहिलं. ५ बिंदू, १० कडा. दोन आणि तीन असे गट केले की ६ कडा एका फटक्यात जातात. उरते एक सुटी कड आणि एक त्रिकोण. त्रिकोणाला दोन तुकडे लागतात, म्हणजे एकूण ४. बिंदू ६ घेऊन तीन-तीनचे गट केले, तर ९ कडा जातात, दोन त्रिकोण उरतात आणि एकूण ५ होतात. पहिला घास कितीही मोठा घ्या, हिशोब तिथेच येतो.

खरं कोडं पुढे आहे. कड दोनदा आली तरी चालेल असं म्हटलं, तर १६ बिंदूंना ४ तुकडे पुरतात. बिंदूंना चार अंकी द्विमान (फक्त ० आणि १ असलेले) क्रमांक द्या आणि दरवेळी एकेका अंकावरून गट पाडा, झालं! तीच कड परत नको म्हटलं की ४ चे थेट १५ होतात. नुसत्या कडा मोजून हे कळणं शक्य नव्हतं.

वाट सापडली ती गणिती हेल्गे ट्वरबर्ग यांच्या १९८२ च्या सिद्धतेत. १० बिंदूंना ८ तुकडे पुरले असं समजा. प्रत्येक बिंदूला एक चल द्या. प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या गटाची बेरीज शून्य, ही ८ समीकरणं. सगळ्या चलांची बेरीज शून्य, हे नववं. चल १०, एकसामयिक समीकरणं ९, म्हणजे निदान एक चल शून्य नसेल अशी उकल मिळणारच. या नवव्या समीकरणापाशी मी बराच अडलो. ते कशाला हवं ते दिसेना. एकूण बेरजेचा वर्ग विस्तारून पाहिला तेव्हा उलगडलं. विस्तारात चलांचे वर्ग येतात आणि जोड्यांच्या गुणाकारांची दुप्पट येते. प्रत्येक जोडी नेमक्या एका तुकड्यात असल्याने ते गुणाकार तुकड्यांगणिक गटांच्या बेरजांचे गुणाकार होतात, आणि ते सगळे शून्य. डावी बाजू नवव्या समीकरणामुळे शून्य, उजवीकडे उरते वर्गांची बेरीज, जी शून्याहून मोठी. विसंगती! "एकदाच" ही अट नेमकी कुठे कामाला येते, ते इथे लख्ख दिसतं.

तरी मोजणीची ओढ सुटली नाही. मग आयआयटी मुंबईच्या सुंदर विश्वनाथन यांची २०१३ ची सिद्धता वाचली. तिथे समीकरणं सोडवायचीच नाहीत. चलांना ठरावीक मर्यादेतल्या पूर्णांक किमती द्यायच्या. अशा निवडी इतक्या होतात की वरच्या समीकरणांतल्या बेरजांच्या किमतींचे जितके संच शक्य आहेत त्यांना मागे टाकतात, त्यामुळे दोन वेगळ्या निवडींच्या सगळ्या बेरजा जुळतात. त्यांची वजाबाकी म्हणजेच हवी ती उकल.