फाट्यावरचं स्मारक अन "हा रस्ता आमचा नाही"

आमच्या फाट्यावर १९७१ च्या लढाईत गेलेल्या गावच्या जवानाचं स्मारक आहे. ते बांधलं माझ्या काकांनी. काका फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले अन गावात वेल्डिंगचं दुकान टाकलं. चौथरा जवानाच्याच वावरातल्या विहिरीतून निघालेल्या काळ्या दगडाचा, वरची उलटी रायफल जुन्या तिफनीचे (पेरणीचं अवजार) नळे अन वखराची पास (लोखंडी पातं) जोडून केलेली. जोड इतके घासलेत की हात फिरवला तरी बोटाला लागत नाहीत. एवढं सुंदर काम मी जिल्ह्यात दुसरं पाहिलं नाही.

हे सगळं दुकानात तयार होतं, पण उभं कुठं करायचं? बसथांब्याच्या बाजूला रस्त्याकडेची जागा ठरली, ग्रामसभेचा ठराव घेतला, तालुक्याच्या एका ऑफिसात अर्ज दिला. तिथले बाबू म्हणे हा रस्ता आमचा नाही, दुसऱ्या ऑफिसात जा. दुसरे म्हणे रस्त्याचा दर्जा वाढला, आता तो त्यांच्याकडंच गेला. परत पहिल्याकडं आलो तर साहेब दौऱ्यावर, साहेब सापडले तर फाईल सापडेना, अन फाईल सापडली तर म्हणे रस्ता आमचा आहे असं लेखी आणा. अरे बाप्पा, रस्ता तुमचा, रजिस्टर तुमचं, अन लेखी आम्ही कुठून आणायचं? सत्तरी ओलांडलेले काका इस्त्रीचा शर्ट घालून, पुठ्ठ्यावर काढलेलं डिझाईन मांडीवर घेऊन बाकड्यावर बसायचे अन कोणी एक जण तो पुठ्ठा हातात घेऊन पाहत नव्हता. याचा राग मला आजही येतो.

शेवटी माहितीचा अधिकार टाकला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प अन प्रश्न एकच, या रस्त्याचा क्रमांक काय, दर्जा काय अन ताबा कोणाकडं. यात "आमच्याकडं नाही" चालत नाही राजेहो, कलम ६(३) प्रमाणं त्यांनी स्वतःच ५ दिवसांत अर्ज बरोबर ऑफिसला पाठवायचा असतो, अन उत्तर ३० दिवसांत. उत्तर आलं, प्रमुख जिल्हा मार्ग, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग. इतर जिल्हा मार्ग अन ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडं असतात. तुम्ही अर्ज करायच्या आधी हे एवढं काढून ठेवा.

मग एका तरुण इंजिनिअरनं नीट बसवून सांगितलं की सुप्रीम कोर्टाच्या १८ जानेवारी २०१३ च्या आदेशानं सार्वजनिक रस्त्यावर, फुटपाथवर, कडेला पुतळा किंवा बांधकामाला परवानगी देताच येत नाही. नियम बरोबरच आहे, पण हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? जवानाच्या पुतण्यानं रस्त्याच्या हद्दीबाहेर आपल्या वावराचा कोपरा दिला, मोजणी करून घेतली, अन पुढचं भराभर झालं. रस्त्यावरून स्मारक तितकंच दिसते.

हो, एक राहिलं, नाव कोरायच्या आधी दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या वेबसाईटवर शोधून पाहा, नाव, रँक, युनिट तिथं मिळते अन दगडावरची चूक खोडता येत नाही. माणसाचा पुतळा बसवणार असाल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी वेगळी लागते. अन कुठंही अर्ज दिला की आपल्या प्रतीवर शिक्का अन आवक नंबर घेतल्याबिगर टेबलापासून हलू नका.