डिकीच्या फेल्टमध्ये बसलेला वास

मे महिन्यात सिगारेटचा वास काढायला एक सेकंडहँड हॅचबॅक माझ्याकडे कामाला आली. २०१६ची, आतून फिक्या बेज रंगाची. आधीचा मालक काच दोन बोटं खाली करून गाडीतच सिगारेट ओढायचा. विकणाऱ्याने डॅशबोर्डवर अत्तराची बाटली चिकटवून दिली होती आणि एका ठिकाणी ओझोनचे, म्हणजे वास मारायला मशीनने गाडीत ओझोन वायू सोडण्याचे, पैसेही भरून झाले होते. आठ दिवसांत वास परत आला. ‘‘दादा, मुलगा मागे बसला की डोकं दुखतं म्हणतो,’’ गाडी घेतलेल्या ताई म्हणाल्या.

आधी सफाई न करता ओझोन मारणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. सिगारेटचा वास नुसता हवेत नसतो. टार आणि निकोटिनचा चिकट थर प्रत्येक पृष्ठभागावर बसतो आणि गाडी तापली की त्यातून वास सुटत राहतो. ओझोन त्या थराच्या वरवरच काम करतो. शिवाय निकोटिनशी त्याची क्रिया होऊन सूक्ष्म कण तयार होतात. लहान मूल बसणाऱ्या गाडीत थर तसाच ठेवून ते मशीन लावायला माझा हात धजत नाही.

सुरुवात पुढच्या काचेपासून केली. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं. पहिलं पांढरं फडकं कोऱ्या चहासारखं झालं. चौथं स्वच्छ निघालं. प्लास्टिकला ऑल पर्पज क्लीनर, एकाला दहा पाणी, आणि मऊ ब्रश, कारण दाणेदार प्लास्टिकच्या खाचांत टार अडकतं. शेवटचा हात एक भाग पांढऱ्या व्हिनेगरला चार भाग पाणी या मिश्रणाचा. निकोटिन अल्कलीधर्मी असतं. आम्लाशी त्याचा क्षार होतो, तो पाण्यात विरघळतो आणि फडक्यावर येतो. व्हिनेगरचा स्वतःचा वास दारं उघडी ठेवली की उडून जातो.

मग सीट बाहेर काढल्या. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून दहा मिनिटं थांबायचं, कारण सीटखालची पिवळी वायर एअरबॅगची असते. घाईत ती ओढणारे कारागीर पाहिलेत, आणि ते फार वाईट काम आहे. चौदा नंबरचे चार बोल्ट निघाले आणि रुळांत राख, दोन थोटकं, ड्रायव्हरच्या सीटला जळालेलं एक भोक दिसलं. जळका फोम धुऊन सुधारत नाही. तो कापून नवा तुकडा बसवला. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून क्लॅम्प लावला, सौम्य साबणाने धुतला आणि खडखडीत वाळल्यावरच आत सोडला. ओला गुंडाळला की बुरशी धरते.

छताला सगळ्यात जपावं लागतं. वर कापड, मागे पातळ फोम, मग पुठ्ठ्यासारखं पॅनेल, आणि सगळं डिंकावर. जास्त पाणी गेलं की डिंक सुटतो आणि कापड लोंबतं. म्हणून क्लीनर कधीच छतावर मारायचा नाही. फडक्यावर घ्यायचा, एकाच दिशेने पुसायचं, घासायचं नाही. एक दिवस मध्ये सोडून दोनदा केलं. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पिवळा डाग फिका झाला, पण गेला नाही.

एसीची गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. आतलीच हवा फिरवत एसी चालवला की धूर थेट कूलिंग कॉइलवरून, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांवरून जातो. कॉइल ओली असते, टार तिथेच चिकटतं. या गाडीत ग्लोव्ह बॉक्समागे हवेच्या फिल्टरची खाच होती, फिल्टर नव्हता. काही स्वस्त मॉडेलांत कंपनीतूनच येत नाही. ब्लोअरचा पंखा काढून धुतला, मोकळ्या जागेतून कॉइलवर फोम क्लीनर सोडला आणि वीस मिनिटं थांबलो. खालच्या नळीतून तपकिरी पाणी ठिबकलं. नंतर हीटर लावून कॉइल वाळवली आणि कार्बनचा फिल्टर बसवला. ओझोन अगदी शेवटी, अर्ध्या तासाचे दोन फेरे, आत कोणी नाही, ब्लोअर सुरू. मग दोन तास दारं उघडी.

तपासणी उन्हात. बारा ते तीन गाडी बंद ठेवली आणि शेजारच्या टायरवाल्याला वास घ्यायला लावला, कारण चार दिवस काम केलेल्याच्या नाकाला काही कळत नाही. ‘‘काही नाही,’’ तो म्हणाला. गाडी दिली.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ताईंचा फोन. ‘‘पाऊस पडला की येतो. मागून.’’

मागून म्हटल्यावर मी डिकीत डोकं घातलं. डिकी नुसती व्हॅक्यूम केली होती, कारण तिथे कोण सिगारेट ओढतं! चूक तिथेच झाली. दार आपटताना आतली हवा कुठून तरी निघावी लागते. ती मागच्या बंपरआडच्या रबरी झडपांतून निघते. बाहेरची हवा घेत ब्लोअर चालवला तरी तिचा मार्ग तोच. म्हणजे वर्षानुवर्षं धूर डिकीच्या बाजूच्या पॅनेलमागून जात राहिला. पॅनेल खोललं, मागे करडं फेल्ट, म्हणजे दाबून केलेलं जाड नमद्यासारखं कापड होतं. हातात घेतल्यावरच तो वास आला. मेमध्ये कोरडं होतं म्हणून गप्प होतं. पावसाळी दमट हवेत त्यानेच वास सोडला. फेल्ट फेकून नवं कापून लावलं, झडपा आणि पॅनेलची मागची बाजू व्हिनेगरच्या पाण्याने पुसली.

आता छताचा प्रश्न उरला आहे. नवं कापड लावायचं तर काच सोडून सगळी प्लास्टिक पट्टी, हँडल, दिवा काढून पॅनेल मागच्या दारातून बाहेर घ्यावं लागतं. ते पहिल्याच दिवशी सुचवायला हवं होतं का, हे माझं अजून ठरत नाही. ताईंना एक सोपी खूण दिली आहे: दर रविवारी सुती फडकं बंद गाडीत रात्रभर टांगायचं, सकाळी स्टीलच्या डब्यात बंद करायचं आणि घरात जाऊन झाकण उघडायचं. दोन डबे निर्मळ आले. तिसऱ्याला त्यांना ‘किंचित’ वाटला, मुलाला नाही. पुढच्या रविवारी पाऊस असेल तर डबा उघडायला मी स्वतः जाणार आहे.