ज्यांच्याकडे सगळंच आहे ती पोरं भांडतात तरी कशावरून

आधीच सांगते, खाली गॉसिप गर्ल आणि एलीट या दोन्ही सिरीजचे शेवट फोडलेले आहेत, बघायच्या बाकी असतील तर इथूनच परत फिरा, नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका.

तर श्रीमंत पोरांची प्रायव्हेट शाळा, त्यातली लफडी, जळफळाट, पाठीत खंजीर वगैरे, हा माझा अत्यंत आवडता प्रकार आहे आणि याबद्दल मला अजिबात लाज वाटत नाही. लोक म्हणतात काय ते टुकार बघतेस, सोळा वर्षांची म्हणून दाखवलेली पोरं धड पंचवीसची दिसतात आणि शाळेत येऊन एकमेकांची लग्नं मोडल्यासारखे चेहरे करतात. असू दे. पण इतकं बघून झाल्यावर माझं एक मत पक्कं झालंय की या गोष्टी प्रेमाच्या नसतातच. वरवर बघितलं तर याचा बॉयफ्रेंड तिने पळवला, तिचा फोटो याने व्हायरल केला, असंच सगळं चाललेलं असतं, पण आतलं गणित वेगळं आहे. पैसा सगळ्यांकडेच सारखा, गाडी तुझ्याकडेही आहे आणि माझ्याकडेही, सुट्टीत तूही परदेशात जाणार आणि मीही, मग मी तुझ्या वरचढ आहे हे दाखवायचं कसं? पैशाने जिंकता येत नाही म्हटल्यावर उरतात दोनच गोष्टी, कोण कुणाचं आहे आणि कुणाला कुणाचं काय माहीत आहे. त्या शाळेत गुपित हाच पैसा.

गॉसिप गर्लची सुरुवातच बघा ना. 2007 ला सिरीज आली, 2012 पर्यंत सहा सीझन चालली, आणि गॉसिप गर्ल म्हणजे त्यातली निनावी वेबसाइट, या पोरांची गुपितं फोडणारी. सरीना न्यूयॉर्कला परत येते, वर्षभर बोर्डिंग स्कूलला पळून गेलेली असते कारण तिच्या जिवलग मैत्रिणीच्या, ब्लेअरच्या, बॉयफ्रेंडबरोबर, नेटबरोबर, ती झोपलेली असते. आता ब्लेअर चिडणार हे तर आलंच. पण नीट बघितलं तर ब्लेअरला नेटचं एवढं काही पडलेलंच नाही, नेट म्हणजे तिच्या आखून ठेवलेल्या आयुष्यातला एक रकाना आहे, हेअरबँडला मॅचिंग. तिसऱ्या एपिसोडमध्ये ती सरीनाला एक पत्र वाचून दाखवते, सरीना नसताना लिहिलेलं आणि कधीच न पाठवलेलं. त्यात नेटचा उल्लेख जेमतेम ओझरता. त्यात आहे की माझे वडील आईला सोडून एका पुरुष मॉडेलबरोबर गेले आणि माझं सगळं कोसळत असताना तू कुठे होतीस. मला विचाराल तर अख्ख्या सिरीजमधली खरी लव्हस्टोरी या दोघींची आहे आणि खरा दगाही तोच, न सांगता निघून जाणं. बॉयफ्रेंड हे नुसतं निमित्त.

आणि चक बासबद्दल, म्हणजे ब्लेअरच्या पुढच्या बॉयफ्रेंडबद्दल, बोलल्याशिवाय मला पुढे जाताच येणार नाही. लोक अजूनही ब्लेअर आणि चकच्या जोडीवर जीव टाकतात, व्हिडिओ बनवतात, आणि मला दर वेळी आश्चर्य वाटतं कारण पहिल्याच एपिसोडमध्ये हा माणूस एका लहान मुलीवर जबरदस्ती करायला जातो, आणि तिसऱ्या सीझनमध्ये तर आपलं हॉटेल परत मिळावं म्हणून ब्लेअरला स्वतःच्या काकाबरोबर सौद्यात देऊन टाकतो. हॉटेलच्या बदल्यात गर्लफ्रेंड! सौदा शब्दशः तोंडाने ठरलेला, आणि शेवटच्या सीझनला त्यांचं लग्न लागतं आणि आपण टाळ्या वाजवायच्या. वाजवा तुम्ही. पण लिहिणाऱ्यांना एक मानलं पाहिजे की त्यांनी लपवाछपवी केली नाही, या दुनियेत माणूस म्हणजे मालमत्ता हे सरळ सरळ दाखवून टाकलं.

ही सगळी रचना काही टीव्हीवाल्यांनी शोधून काढलेली नाही बरं का. 1782 साली फ्रान्समध्ये एक पत्रांची कादंबरी आली, लाक्लो नावाच्या लष्करातल्या अधिकाऱ्याने लिहिलेली, त्यात दोन रिकामटेकडे सरदार घराण्यातले लोक, आधीचे प्रेमी, पैज लावून दुसऱ्यांची आयुष्यं नासवतात आणि शेवटी त्यांचीच पत्रं बाहेर फुटून दोघांचाही निकाल लागतो. 1999 मध्ये हीच गोष्ट उचलून न्यूयॉर्कच्या श्रीमंत टीनेजर्सवर टाकली, क्रुएल इन्टेन्शन्स, तिथे सावत्र बहीणभावाची पैज लागते की हेडमास्तरांच्या मुलीला पटवून दाखव, आणि शेवटी पत्रांच्या जागी डायरी, तिच्या झेरॉक्स काढून सगळ्यांच्या हातात. मग 2007 ला वेबसाइट आणि मोबाइलवरचे मेसेज. 2021 ला गॉसिप गर्ल नव्याने आली तेव्हा इन्स्टाग्राम. जवळजवळ अडीचशे वर्षांत बदललं काय तर गुपित फुटायला लागणारा वेळ. बाकी तेच, भरपूर पैसा, काही काम नाही, आणि घराण्याची अब्रू सांभाळायची आहे.

(त्या 2021 वाल्यात गॉसिप गर्लचं अकाउंट चक्क शाळेतले टीचर्स चालवतात, पोरं हाताबाहेर गेलीत म्हणून. कल्पना भारी होती, वाया घालवली, दोन सीझनमध्ये बंद.)

आता या सगळ्यात एक बाहेरचं पोर लागतंच, स्कॉलरशिपवालं. त्याच्याशिवाय गाडी पुढे सरकतच नाही. 1992 ला जपानमध्ये हाना योरी दांगो ही मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, सुरू झाली, तिच्यावरून तैवान, जपान, कोरिया सगळ्यांनी सिरीज काढल्या, कोरियाची बॉईज ओव्हर फ्लॉवर्स 2009 ची, ती आपल्याकडेही पुष्कळांनी बघितली असेल. त्यात चार श्रीमंत पोरं शाळेवर राज्य करतात, ज्याच्या लॉकरमध्ये लाल कार्ड लागलं त्याला अख्ख्या शाळेने छळायचं असा नियम, आणि लाँड्रीवाल्याची मुलगी त्यांना पुरून उरते. मग त्या चौघांचा म्होरक्या हिच्या प्रेमात पडतो, त्याची आई पैसे घेऊन हिच्या घरी येते, माझ्या मुलाला सोड म्हणून, आणि हिची आई काय करते तर त्या बाईच्या डोक्यावर मीठ ओतते. मला तो सीन भयंकर आवडतो, घरात पैशाची चणचण, पैसा समोर ठेवलाय, आणि ही बाई मिठाचा डबा शोधतेय.

गॉसिप गर्लमधला बाहेरचा म्हणजे डॅन, ब्रुकलिनचा, आणि शेवटच्या एपिसोडमध्ये कळतं की सगळ्यांची गुपितं फोडणारा तोच होता. सहा सीझन आवाज एका बाईचा ऐकवला आणि निघाला हा! तेव्हा लोक खूप वैतागले, मागचे कितीतरी सीन जुळत नाहीत म्हणे, आणि ते खरंच आहे, अजिबात जुळत नाहीत. तरी मला तो शेवट पटतो. त्याच्याकडे पैसा नव्हता, आडनाव नव्हतं, मग त्या घोळक्यात शिरायला त्याने तिथलंच चलन वापरलं. फक्त त्याने स्वतःच्या बहिणीचीही गुपितं छापली हे मला आजही माफ करता येत नाही.

एलीट मला सगळ्यात जास्त आवडते कारण तिथे हिशोब लपवलेला नाही. स्पेनची सिरीज, 2018 ची. गरीब वस्तीतल्या शाळेचं छत कोसळतं, ज्या कंपनीने ते बांधलेलं असतं तीच कंपनी तोंड लपवायला तिघांना बड्या शाळेत स्कॉलरशिप देते, आणि त्या कंपनीच्या मालकाची दोन पोरं, गुझमान आणि मारिना, त्याच शाळेत. म्हणजे पहिला दगा पोरांनी दिलेलाच नाही, बापांनी आधीच देऊन ठेवलाय. पुढे मारिनाचा खून होतो तोही एका चोरलेल्या घड्याळापायी, ज्यात त्याच शाळेतल्या कार्लाच्या वडलांच्या भानगडींचा पुरावा दडवलेला असतो. कार्लाचा बॉयफ्रेंड पोलो ते घड्याळ परत मागायला जातो, कारण कार्ला हातातून निसटत चाललीये आणि एवढं काम केलं तर ती परत आपली होईल अशी त्याची समजूत. मारिना देत नाही, वर त्याला टाकून बोलते, आणि तो शाळेची ट्रॉफी तिच्या डोक्यात घालतो. कार्लाला सगळं माहीत असतं, ती गप्प बसते, आणि आत जातो नानो, गरीब घरातला. कुणाला धक्का बसला? मला तर नाही.

पण या सिरीजमधली माझी जोडी वेगळीच आहे, लू आणि नादिया. लू श्रीमंत, वर्गात पहिली, नादिया स्कॉलरशिपवाली, घरचं किराणा दुकान, हिजाब घालणारी आणि लूपेक्षा हुशार. लूला ते सहन होत नाही, म्हणून ती गुझमानला सांगते की हिला पटव आणि खाली आण. परत तीच 1782 ची पैज! पण तिसऱ्या सीझनला लूच्या वडलांनी तिचे पैसे बंद केलेले असतात, तिला न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीची स्कॉलरशिप हवी असते आणि नादियालाही तीच. आता दोघींकडे फक्त मार्क. आणि गंमत म्हणजे तिथून पुढे त्यांच्यात डावपेचच उरत नाहीत, तोंडावर भांडतात, तोंडावर कौतुक करतात, आणि शेवटी ती स्कॉलरशिप दोघींत वाटून एकत्र न्यूयॉर्कला जातात. मध्ये लूच्या हातून पोलो मरतो, फुटक्या बाटलीने, आणि सगळे मिळून त्या बाटलीवर आपापले ठसे उमटवतात, ते वेगळं. ज्यांनी एकमेकांची गुपितं विकण्यात तीन सीझन घालवले त्यांनी पहिल्यांदा एक गुपित सगळ्यांनी मिळून ठेवलं. मी तो सीन मागे नेऊन परत बघितला होता.

सिरीज 2024 पर्यंत ओढली, एकूण आठ सीझन. चौथ्यापासून नवा मुख्याध्यापक, त्याची पोरं आणि एक राजपुत्रसुद्धा येतो, माझ्या मते तिथून पुढे नुसते कपडे आणि पार्ट्या आहेत. कुणी आता सुरू करणार असेल तर तिसरा सीझन संपला की बंद करा, पुढचं मी तुमच्या वतीने बघून ठेवलंय.