आबांची द्रौपदी आणि 256 जीबीचं कार्ड

कुडाळजवळच्या आमच्या गावची जत्रा कार्तिकात असते. पालखी फिरून आली की मध्यरात्रीच्या सुमाराला दशावतार, आमच्याकडचं लोकनाट्य, सुरू होतो आणि पहाटे दहीकाल्याने संपतो. दोन वर्षांपूर्वी त्यात आबांनी द्रौपदी केली. आबा आमच्या वाडीतले जुने स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांची कामं करणारे नट, वय सत्तरीच्या पुढे. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरतं, बाकी उभं राहून सुचेल ते. त्या रात्रीचा त्यांचा विलाप ऐकताना पायपेटीवाल्याचेही डोळे भरून आले होते.

ते सगळं मी कॅमेऱ्यात घेतलं. निदान तसं मला वाटत होतं. घरी मेमरी कार्ड संगणकाला लावलं तर फायली सगळ्या दिसत होत्या, नावं बरोबर, आकार बरोबर. आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा भाग, नीट चालला, गणपती आला, संकासूर आला. त्यानंतरची एकही फाइल उघडेना. सगळं आख्यान गेलं होतं.

कार्ड 256 जीबीचं होतं, ऑनलाइन घेतलेलं, बाजारभावाच्या निम्म्याहून कमी किमतीत. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम त्यावर चालवला. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि भरलेलं पुन्हा वाचून ताडून बघतो. (लिनक्स आणि मॅकवर हेच काम एफ-थ्री करतो.) निकाल आला: खरी जागा जेमतेम 15 जीबी. अशा बनावट कार्डाच्या आतल्या कंट्रोलर चिपला 256 सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा संपली की पुढचं चित्रीकरण कुठेच उतरत नाही, किंवा आधीच्यावर चढतं, आणि कॅमेऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. माझा कॅमेरा सेकंदाला 28 मेगाबिट लिहितो (आठ मेगाबिटांचा एक एमबी), म्हणजे तासाला साधारण साडेबारा जीबी. 15 जीबी सव्वा तासात भरतात. आडदशावतार तेवढाच झाला होता.

पुढच्या जत्रेआधी मी कार्ड घ्यायला घाई केली नाही. आधी कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक काढलं. जुन्या कॅमेऱ्यांना एसडीएचसी कार्डच चालतं आणि ते 32 जीबीला थांबतं. त्यापुढचं एसडीएक्ससी 2009 मध्ये आलं, ते दोन टीबीपर्यंत जातं. माझ्या कॅमेऱ्याला एसडीएक्ससी चालतं, हे छापील बघितल्यावरच मी दुकानात गेलो.

दुकानात गोंधळ वेगाच्या आकड्यांचा. कार्डावर ठळक छापलेला मोठा आकडा बहुतेक वाचण्याचा असतो, तोही 'इथपर्यंत' या अटीवर. चित्रीकरणाला लागतो तो न थांबता लिहिण्याचा वेग, आणि तो छोट्या खुणांत असतो. वर्तुळातला 10 म्हणजे सेकंदाला किमान 10 एमबी, व्ही-30 म्हणजे किमान 30. माझ्या कॅमेऱ्याला साडेतीन एमबीही पुरतात. पण भाचा फोर-के मध्ये घेतो, 100 मेगाबिटने, म्हणजे साडेबारा एमबी. तिथे दहाची हमी अपुरी पडते. म्हणून व्ही-30 घेतलं. ए-1, ए-2 या खुणा फोनमध्ये कार्डावर ॲप ठेवणाऱ्यांसाठी असतात, मी त्या बघितल्याच नाहीत.

आणि 256 चं एक घेण्याऐवजी 128 ची दोन घेतली, पावती देणाऱ्या दुकानातून. पाच तासांचं नाटक 63 जीबीत बसतं, म्हणजे एकही पुरलं असतं. पण आडदशावतार संपून आख्यान सुरू होण्याआधी कार्ड बदललं, तर एक बिघडलं तरी दुसरं राहतं.

घरी लावलं तर संगणक 119 जीबी दाखवतो! माझ्या पोटात गोळाच आला. लगेच दुकानदाराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "दादा, कंपनी हजाराने मोजते, विंडोज एक हजार चोवीसने. 128 चे 119 च दिसतात." तरीही तपासणी केलीच. एका कार्डाला लिहायला सव्वा तास, वाचायला अर्धा तास. दोन्ही काठोकाठ खरी निघाली. मग ती कॅमेऱ्यातच फॉरमॅट केली.

यंदा आबांनी पुन्हा द्रौपदी केली. दहीहंडी फुटल्यावर देवळातून हललो नाही. तिथेच बसून आख्यानाची सुरुवात, मध्य, शेवट उघडून बघितला. आबा अर्धा रंग पुसलेल्या चेहऱ्याने शेजारी येऊन बसले, छोट्या पडद्यावर स्वतःला बघत राहिले.

"ह्या बरा झाला," म्हणाले. "पन गेल्या टायमाचा वेगळा होता."

मी विचारलं, तेव्हा काय म्हणाला होतात ते आठवतं का.

"ता काय आता आठवाचा नाय."